एका टाकीचे पस्तीस तास

रात्री झोपताना मासे बरे होते, सकाळी उठून पाहिलं तर सगळे तरंगत होते. मासे पाळणाऱ्या घरांत ही तक्रार सारखी ऐकू येते, आणि तिच्यापाठोपाठ ‘काहीतरी रोग आला असणार’ हेही ठरलेलं असतं. घरातला कुणीतरी जाऊन निळं औषध आणतो, टाकी धुतो, नवे मासे सोडतो. महिन्याभरात तेही मरतात. बहुतेक वेळा रोग आलेलाच नसतो. मरण पाण्यातून येतं, पायरीपायरीनं येतं, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक पायरीवर ते अडवता येतं.

खालचा घटनाक्रम कुठल्या एका घराचा नाही. रत्नागिरी शहर, जूनचा तिसरा आठवडा, नगरपरिषदेचा नळ आणि दुपारी जाणारी लाईट एवढं गृहीत धरून, पाणी आणि मासे यांचे नियम जसे चालतात तसा तो मांडला आहे. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर तिच्यात ५६ लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५. आत चार गोल्डफिश, सहा गप्पी, दोन मॉली, एक गुरामी. एवढ्या पाण्याला हे मासे जास्तच, पण दिवाणखान्यातल्या टाक्या अशाच भरलेल्या असतात.

शुक्रवार, संध्याकाळी ७ : ३५ तास बाकी

दिवसभर पाऊस धरून राहिला आहे. शहराला पाणी देणाऱ्या शीळ धरणाच्या वरच्या डोंगरांतून, वहाळांतून जांभ्याची लाल माती वाहत खाली येते. गढूळ पाण्याला तुरटी जास्त लागते. पाण्यातला गाळ आणि कुजका पाला क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून क्लोरीनची मात्राही वाढवावी लागते. शहरातल्या शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक राहावा, असं भारतीय मानक सांगतं. शेवटच्या नळाला तेवढा उरायचा असेल तर जलशुद्धीकरण केंद्राजवळच्या नळाला तो कितीतरी जास्त असणार.

पाणी सोडणाऱ्यांचं यात काहीही चुकत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि कावीळ गावागावांत पसरू शकतात, आणि त्यांना अडवणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट क्लोरीन हीच आहे. खेड्यांत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणी करून पाणी पिवळं होतं का ते पाहतो. पिवळा रंग म्हणजे माणसांसाठी पाणी सुरक्षित. माशांसाठी त्याच रंगाचा अर्थ उलटा. लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या पुढे क्लोरीन गेला की माशाच्या कल्ल्यांना इजा सुरू होते. माणसांसाठी जी किमान पातळी, ती माशांच्या धोक्याच्या पातळीच्या दहापट आहे.

शनिवार, सकाळी ६ : २४ तास बाकी

नळाला पाणी आलं. स्वयंपाकघरातले हंडे भरले, बाथरूममधलं पिंप भरलं, वरची टाकी भरायला पंप लावला. आज सुट्टी, म्हणून माशांची टाकी धुवायची आहे.

पुढे जे होणार ते या तासात ठरतं, आणि या तासात घाबरण्यासारखं कुणालाच काही दिसत नाही. माशांसाठी एक वेगळं पिंप आत्ता भरून बाजूला ठेवलं असतं आणि टाकी धुण्याचं काम रविवारवर ढकललं असतं, तर हा घटनाक्रम इथेच थांबला असता. पण ‘पाणी भरून ठेवा’ एवढं सांगून भागत नाही. कसं आणि कशात भरायचं, हे ठाऊक असावं लागतं.

क्लोरीन पाण्याच्या पृष्ठभागावरून हवेत जातो, आणि उन्हानं त्याचं विघटन होतं. मे महिन्यात गच्चीवर पसरट टबात ठेवलेलं पाणी एका दिवसात माशांच्या लायक होतं. जूनमध्ये ऊन नसतं. उंच, अरुंद तोंडाच्या, झाकण लावलेल्या पिंपात तोच क्लोरीन दोन दिवसांनंतरही रेंगाळतो. म्हणून पावसाळ्यात साठवणीच्या पाण्यात हवेचा पंप आणि एअरस्टोन सोडून ते २४ तास खळबळतं ठेवायचं. पंप नसेल तर ४८ तास द्यायचे आणि मधूनमधून ढवळायचं. भांडं जितकं पसरट तितकं बरं.

झाकण काढलं की डास येतात. डेंगीचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला आरोग्य कर्मचारी सांगतात ते याचसाठी. पिंपाच्या तोंडावर पातळ सुती कापड किंवा मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला की हवा खेळते आणि डास आत जात नाही. घरी तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याला हे पिंप माशांच्या पाण्याचं आहे हे आधीच सांगावं, म्हणजे तो त्यात अॅबेट या अळीनाशकाचं द्रावण टाकणार नाही. आरोग्य विभाग अळ्या खायला गप्पी मासेही देतो; कायमच्या साठवणीच्या हौदात चार गप्पी सोडले तर औषधाची गरज उरत नाही.

पिंप प्लॅस्टिकचं, फक्त माशांसाठी राखलेलं आणि साबण कधीही न लागलेलं असावं. कोकणात पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात ठेवायची पद्धत आहे, आणि माणसांना ती मानवते. पण जांभ्यातून झिरपलेलं आमचं पाणी फार मृदू असतं, बऱ्याचदा किंचित आम्लधर्मीही. असं पाणी तांबं विरघळवतं, आणि मृदू पाण्यात माशांना तांब्याचं विष जास्त चढतं. रात्रभर हंड्यात राहिलेलं पाणी टाकीत ओतू नये. पागोळ्यांचं पाणी वापरायचं असेल तर कौलांवरचं घ्यावं, तेही पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावरून आलेलं घेऊ नये. नुसतं पागोळ्यांचंच पाणी भरलं तर त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि काही आठवड्यांत सामू (पीएच) एकदम कोसळू शकतो. नव्या सिमेंटच्या हौदात याच्या उलट होतं. त्यातून चुना सुटतो आणि सामू इतका चढतो की मासे तासाभरही टिकत नाहीत. शोभेचे मासे वाढवणारे शेतकरी नवा हौद पुन्हा पुन्हा भरून रिकामा करतात, त्यात केळीचे खुंट टाकून ठेवतात, आणि मगच मासे सोडतात.

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांना ही शिस्त आणखी कडक पाळावी लागते. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात लोक मासे पाहायला जातात. काचेपलीकडचं पाणी कुठून, कधी आणि कसं येतं हा प्रश्न क्वचितच कुणाला पडतो. पावसाळ्यात भाट्याच्या खाडीतून काजळी नदीचं गोडं, गढूळ पाणी समुद्रात ओतलं जातं आणि किनाऱ्याजवळची खारटी उतरते. अशा दिवसांत समुद्र समोर असूनही माशांना चालेल असं पाणी हाताशी नसतं. जे आधी भरलं, निवळलं, गाळलं आणि अंधारात साठवलं, त्यावरच भागवावं लागतं.

आपल्या घरी मात्र वेगळं पिंप भरलेलं नाही.

शनिवार, सकाळी १० : २० तास बाकी

मासे बादलीत काढले. टाकी पूर्ण रिकामी केली. वाळू परातीत घेऊन, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळखळून धुतली. फिल्टरचा काळपट स्पंज नळाखाली धरून पिळला, पुन्हा पिळला, पिवळा होईपर्यंत.

तो काळपटपणा म्हणजे टाकीचा प्राण होता. स्पंजात आणि वाळूत जिवाणूंची वस्ती असते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात; काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. क्लोरीनच्या नळाखाली ती मरते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा हलका पिळला असता तर पुरे होतं. वाळू बाहेर काढायचीच नव्हती. पाणीही चौथा हिस्सा बदललं असतं तर भागलं असतं.

एवढं स्वच्छ केल्यावर घरातल्यांना समाधान वाटतं. हात दुखेपर्यंत कष्ट केलेले असतात, तेही माशांवरच्या मायेपोटी. म्हणूनच ही चूक मनाला फार लागते.

शनिवार, सकाळी ११ : १९ तास बाकी

नळी लावून टाकी भरली. पाणी काचेसारखं नितळ. भाट्याच्या किनाऱ्यावरून वेचून आणलेले शंख-शिंपले धुऊन पुन्हा वाळूवर मांडले. मासे आत सोडले.

पहिल्या काही मिनिटांत मासे अंग झटकतात, वाळूला घासतात, एका कोपऱ्यातून दुसऱ्यात सुसाट जातात. पाहणाऱ्याला वाटतं, नव्या पाण्यानं खूश झाले. खरं तर क्लोरीन कल्ल्यांच्या पातळ पडद्याला जाळत असतो. तो पडदा वाचवायला मासा भराभर चिकट स्राव सोडतो, आणि तोच स्राव कल्ल्यांवर साचून श्वास अडवतो. पाण्यात प्राणवायू भरपूर असतानाही मासा गुदमरू लागतो.

वीस मिनिटांत गप्पी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

“आई, मासे वर आलेत बघ.”

“सकाळपासून उपाशी आहेत रे. घाल चार दाणे.”

चार दाण्यांच्या ठिकाणी चिमूटभर पडतात. आजारी मासे खात नाहीत. दाणे खाली बसतात, वाळूत शिरतात आणि कुजू लागतात. उद्या पहाटेच्या अमोनियाची ती सुरुवात.

शनिवार, दुपारी १ : १७ तास बाकी

अजून वेळ आहे.

मत्स्यालयाच्या दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून छोटी बाटली मिळते. बहुतेक बाटल्यांत असतो तो सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुने फोटोग्राफर वापरत तो हायपो. त्याचे स्फटिक सुटे घेतले तर आणखी स्वस्त पडतात. १ मिलिग्रॅम क्लोरीन मारायला साधारण ७ मिलिग्रॅम स्फटिक लागतात. आपल्या ४५ लिटरमध्ये लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल, तर एक ग्रॅमचा तिसरा हिस्सा पुरतो. इतकं बारीक मोजण्याचं साधन घरी नसतं. त्यासाठी १०० ग्रॅम स्फटिक १ लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवावी, आणि दर १० लिटरला त्यातलं १ मिलिलिटर घालावं. लिटरमागे १.४ मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन त्यानं जातो. पावसाळ्यात नळाला उग्र वास येत असेल तर दुप्पट घालावं. थोडं जास्त झालं तरी मासे सोसतात. काम मिनिटाभरात होतं.

कच्च्या पाण्यात आधीच अमोनिया असेल तर क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरामाइन बनतो. तो नुसतं पाणी साठवून जात नाही. हायपो त्यातला क्लोरीन काढतो आणि अमोनिया मागे ठेवतो. म्हणून जिवंत फिल्टर हाताशी नसेल तर हायपोवरही पूर्ण विसंबता येत नाही.

त्या घरात ही बाटली नाही. दुपारच्या जेवणानंतर सगळे आडवे होतात. दोन गप्पी फिल्टरच्या नळीमागे अडकून मेलेले असतात. ते संध्याकाळपर्यंत कुणाला दिसत नाहीत.

शनिवार, दुपारी ४ : १४ तास बाकी

वारा सुटला, आणि लाईट गेली. माडाची झावळी तारेवर पडली की तासाभराचं काम असतं. खांब कोसळला तर रात्र जाते.

एअरस्टोनचे बुडबुडे थांबले, फिल्टर थांबला. आतापर्यंत बराचसा क्लोरीन संपलेला आहे: थोडा हवेत गेला, थोडा वाळूत उरलेल्या घाणीशी जुळला, थोडा माशांच्या अंगावरच्या स्रावात खर्ची पडला. उद्या कुणी हे पाणी तपासलं तर त्यात क्लोरीन फारसा सापडणारही नाही, आणि ‘पाण्यात तर काहीच नव्हतं’ असं ठामपणे सांगितलं जाईल. इजा मात्र कल्ल्यांत राहिली आहे.

शनिवार, रात्री ८ : १० तास बाकी

मेणबत्तीच्या उजेडात कुणाच्या तरी लक्षात येतं की गोल्डफिशचे पंख अंगाला मिटलेले आहेत आणि चारही मासे वर येऊन तोंड मारताहेत. मेलेले गप्पी बाहेर काढले जातात.

२८ अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला फार तर पावणेआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशाला नऊ मावतो. पाणी उबदार असेल तर साठा कमी आणि माशाची गरज जास्त. निरोगी कल्ल्यांचा मासा याही पाण्यात रात्र काढतो. भाजलेल्या कल्ल्यांचा काढू शकत नाही.

अशा वेळी वरची काच बाजूला करायची, मगानं पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडायचं, पंधरा-वीस वेळा. अर्ध्या तासानं पुन्हा. अर्धं पाणी काढून टाकलं की पृष्ठभाग तेवढाच राहतो पण खोली कमी होते, आणि वरून शिरलेला प्राणवायू तळापर्यंत लवकर पोचतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप कोकणातल्या प्रत्येक टाकीवाल्या घरात असायला हवा. आपल्याकडे जूनमध्ये लाईट जाणार, ही गोष्ट कुणाला नव्यानं सांगायला नको.

शनिवार, मध्यरात्र : ६ तास बाकी

स्पंजातली वस्ती मेली आहे, आणि अमोनिया साचतो आहे. यात सामूचा मोठा हात असतो. सामू ७ असेल तर अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की पाच भागांहून जास्त. शीळचं मृदू पाणी एरवी इथे माशांच्या बाजूनं असतं. पण तळाशी मांडलेले शंख-शिंपले चुनखडीचे आहेत, आणि ते सामू हळूहळू वर ढकलतात. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत हेच शिंपले मृदू पाण्याला आधार देतात आणि सामू कोसळू देत नाहीत. फिल्टर मेलेल्या टाकीत ते अमोनियाला धार लावतात.

रविवार, पहाटे ३ : ३ तास बाकी

लाईट येते. सगळे झोपलेले. फिल्टर आपोआप सुरू होतो, आणि अकरा तास बंद डब्यात कुजलेलं पाणी एका दमात टाकीत सोडतो. लाईट जास्त वेळ गेली असेल तर फिल्टर उघडून, साठवलेल्या पाण्यात विसळून मगच पुन्हा लावायचा असतो. घरात कुणी जागं असतं तरी हे केलं असतं असं नाही. दुकानात टाकी विकताना हे क्वचितच सांगितलं जातं.

वनस्पती, कुजणारं खाद्य, मासे, सगळे रात्रभर प्राणवायू घेत आलेले असतात. कुठल्याही तळ्यात, तलावात, टाकीत प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो उजाडण्याच्या आधी.

रविवार, सकाळी ६

चारही गोल्डफिश मेले आहेत. मॉली मेल्या. गप्पी एकही उरलेला नाही.

काय झालं ते मेलेल्या माशांवरून वाचता येतं. लहान मासे आधी, तेही दिवसा आणि पाणी बदलल्यावर काही तासांत मेले, तर संशय क्लोरीनवर धरावा. त्यांचे कल्ले फिकट आणि स्रावानं माखलेले असतात. मोठे मासे पहाटे मेले, तर प्राणवायू कमी पडला. कल्ले लालभडक सुजलेले असतील तर अमोनिया. या टाकीत तिन्ही खुणा एकदम दिसतात.

गुरामी जिवंत आहे. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक गुंतागुंतीचं इंद्रिय असतं, त्यानं ती हवेतला प्राणवायू थेट घेते. फायटर माशाचंही तसंच असतं. सगळे मेले आणि गुरामी उरली, एवढ्यावरूनही रात्री प्राणवायू संपला होता हे ओळखता येतं. हा रोग नव्हे, म्हणून घाबरून औषधं ओतू नयेत.

रविवार, सकाळी ७ आणि नंतर

नळाला पुन्हा पाणी आलं आहे. आता माशांसाठीचं वेगळं पिंप भरायचं, त्यात हवेचा पंप सोडायचा, तोंडाला कापड बांधायचं. त्या पाण्याला उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. आज गुरामीला वाचवायला एखाद्या शेजाऱ्याकडे साठवलेलं पाणी असेल तर ते आणावं. नसेल तर हायपो घालून, तासभर खळबळवलेल्या पाण्यानं टाकीचा तिसरा हिस्सा बदलावा. मेलेले मासे आणि तळाचे दाणे लगेच काढावेत. दोन दिवस खाद्य द्यायचं नाही. शेजाऱ्याची टाकी जुनी आणि निरोगी असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा मागून घ्यावा आणि ओलाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा; नव्या वस्तीला त्याहून चांगलं विरजण दुसरं नाही.

धोका अजून टळलेला नाही. जिवाणू परत येतात ते एका क्रमानं: आधी अमोनियाचं नायट्राइट करणारे, मागाहून नायट्राइट संपवणारे. मधल्या काळात, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून, नायट्राइट चढतं. ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतं आणि कल्ले चॉकलेटी दिसू लागतात. लिटरला १ ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं मीठ पाण्यात असलं तर नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरणं बरंच अडतं. एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलायचं, आणि प्रत्येक वेळी ते आदल्या दिवशी भरलेल्या पिंपातलंच असायला हवं. शंका आली तर पाण्याचा नमुना घेऊन शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारावं. १९८१पासून ते रत्नागिरीत आहे आणि मासे व पाणी हाच त्याचा विषय आहे.

नवे मासे त्यानंतर, चार ते सहा आठवड्यांनी आणावेत. तेही एका वेळी दोनच.